जजनी विचारलं तेव्हा गप्प का केलंस?

प्रश्न: ताई, धाकट्या भावाकडे गावठी कट्टा सापडला, दोन वर्षांची शिक्षा लागली. सध्या अपिलापुरता जामिनावर आहे. आधी एकही केस नाही त्याच्यावर. संजय दत्तसारख्यांना सूट आणि आम्हाला हे! शिक्षेआधी जजनी त्याला विचारलं काही सांगायचंय का, मीच डोळ्यांनी गप्प केलं, कारण कट्टा मुळात बाबांचा, ते गेल्यावर पेटीत सापडलेला, चारचौघात त्यांचं नाव कशाला. निकालाला 19 दिवस झाले, डोळ्याला डोळा नाही. असल्या दगड जजची तक्रार कुठे करू?

उत्तर: कुठेच नाही. आधी संजय दत्तचं घे, 2013 मध्ये सुप्रीम कोर्टाने त्याची सहाची पाच वर्षं केली, त्याच्या कलमात तेव्हा कमीत कमी पाचच होती, प्रोबेशन, म्हणजे तुरुंगाऐवजी चांगल्या वागणुकीच्या हमीवर सुटका, मागितलं तेही मिळालं नाही. आता तुझा दगड जज. विनापरवाना कट्टा बाळगला तर शस्त्र कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीपासून कमीत कमी दोन, जास्तीत जास्त पाच वर्षं, म्हणजे त्याने सगळ्यात खालचा आकडा दिलाय गं. त्याच्याही खाली जाता येतं, पण त्यासाठी पुरेशी आणि विशेष कारणं निकालपत्रात लिहावी लागतात. ती कारणं त्याने आणायची कुठून? त्यासाठीच तर विचारलं ना त्याने, आणि नेमकं त्याच क्षणी तू डोळे वटारलेस.

राग आलाय मला तुझा, खरंच. गेलेल्या माणसाची अब्रू जपायला जिवंत पोराला कोर्टात गप्प उभं केलंस आणि झोप उडाल्याचं खापर जजवर. बाबांचा कट्टा होता म्हणून भाऊ सुटत नाही हे पण ऐकून ठेव, सापडल्यावर पोलिसात नेऊन द्यायला हवा होता, त्याने ठेवून घेतला, गुन्हा झालाच. पण कट्टा विकत आणणारा वेगळा आणि वडलांच्या पेटीत सापडल्यावर काय करावं न कळून तसाच ठेवणारा वेगळा, हा फरक कोर्टाला कुणी सांगितलाच नाही.

अपिलाची मुदत 30 दिवस, तुझ्याकडे 11 उरलेत. आज वकिलाकडे जा आणि मला लिहिलंस ते सगळं बाबांच्या नावासकट सांग, अपिलात ते कसं मांडायचं ते तो बघेल. आईला मात्र आधी घरी सांग, तिला कोर्टात कळायला नको. आणि ती पेटी कुणाकुणासमोर उघडली होती ते आठवून ठेव, वकील पहिलं तेच विचारेल.