धमकी देणाऱ्याचं वाक्य जाहिरातीत नको

सोशल मीडियावर मुलं सुरक्षित राहावीत म्हणून पोस्टर, रील, छोट्या फिल्म करणाऱ्यांचे आणि त्या बघणाऱ्यांचे काही प्रश्न आले आहेत. जनजागृतीच्या जाहिराती लिहिण्याचंच काम करत असल्यामुळे त्यांना जमेल तितकी नेमकी उत्तरं देते.

प्रश्न : मी शिक्षिका आहे. शाळेसाठी आम्ही पोस्टर केलं. अंधारी खोली, रडणारी मुलगी, हातात मोबाइल आणि खाली ‘एक फोटो, आयुष्य उद्ध्वस्त’. मुलं त्याकडे ढुंकूनही बघत नाहीत. चित्र आणखी भेदक करावं का?

नको. उलट आहे तेही उतरवा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

तुमच्या शाळेतल्या एखाद्या मुलीला आज, या क्षणी कोणी फोटोवरून धमकावत असेल असं धरून चाला. तो माणूस तिला काय सांगतोय? ‘हा फोटो बाहेर गेला की तू संपलीस.’ मग ती शाळेत येते आणि भिंतीवर तेच वाक्य वाचते. त्याच्या धमकीवर शाळेनंच शिक्का मारल्यासारखं झालं. त्याचं सगळं भांडवल म्हणजे तिचं गप्प बसणं, आणि ते आपणच त्याला पुरवतो.

भीती किती दाखवावी, हा प्रश्न जुना आहे. १९५३ साली अमेरिकेत अर्व्हिंग जॅनिस आणि सेमोर फेशबाख यांनी शाळकरी मुलांना दातांच्या निगेवर तीन प्रकारची व्याख्यानं ऐकवली. सर्वांत भयंकर व्याख्यानानं मुलं सर्वांत जास्त घाबरली, पण वागण्यातला बदल सौम्य व्याख्यानानं जास्त झाला. पुढच्या अभ्यासांतून हे चित्र बरंच गुंतागुंतीचं झालं. १९९२ मध्ये संवादशास्त्राच्या अभ्यासक किम विट्टे यांनी मांडलेली गोष्ट मला कामात सर्वांत उपयोगी पडते. भीतीचा परिणाम होतो, पण ‘यावर उपाय आहे आणि तो मला जमेल’ हेही त्याच वेळी पटलं तर. ते पटलं नाही, तर माणूस धोका टाळायच्या ऐवजी भीतीच टाळतो. नजर फिरवतो, ‘माझ्या बाबतीत असं होणार नाही’ म्हणतो. तुमची मुलं पोस्टरकडे बघत नाहीत ती यामुळेच असावीत.

नव्या पोस्टरवर इतकंच लिहा : ‘फोटो पाठवला असशील तरी धमकी देणारा गुन्हेगार आहे, तू नाहीस. आमच्याकडे ये. ओरडणार नाही.’ खाली ज्या शिक्षकांकडे मुलं खरोखर जातात त्यांचं नाव आणि ते कुठे भेटतील, हे लिहा. आधी सगळ्या शिक्षकांची यावर सहमती घ्या. पहिल्या मुलीला ‘पाठवलासच कशाला?’ असं विचारलं गेलं, तर ते शाळाभर पसरेल आणि दुसरी कोणी येणार नाही.

प्रश्न : मी १७ वर्षांचा मुलगा आहे. अशा जाहिरातींत कायम मुलगीच का असते?

तुझी तक्रार रास्त आहे. आकर्षक मुलीच्या खोट्या प्रोफाइलवरून ओळख वाढवायची, फोटो मागवायचा आणि लगेच पैशांसाठी धमकवायचं, या प्रकाराला सर्वाधिक बळी पडतात ती १४ ते १७ वयाची मुलं, म्हणजे मुलगेच, असं अमेरिकेची एफबीआय सांगते. ब्रिटनच्या नॅशनल क्राइम एजन्सीनं मार्च २०२५ मध्ये खास १५ ते १७ वयाच्या मुलग्यांसाठी मोहीम चालवली. जाहिरातीत आपल्यासारखा कोणी दिसला नाही, तर मुलग्याला वाटतं की हे फक्त माझ्याच बाबतीत घडलंय. अशा एकटेपणात काही मुलांनी जीवही दिला आहे. तुझ्या एखाद्या मित्रावर ही वेळ आली, तर त्याला एकटं सोडू नकोस आणि विश्वासातल्या मोठ्या माणसाला लगेच सांग.

प्रश्न : ‘सावध राहा’ हे सगळ्याच जाहिराती सांगतात. पण धमकी आलीच, तर पुढे काय? एका मुलाचा बाप म्हणून विचारतो.

जाहिरातीच्या तीस सेकंदांतली निम्मी तरी या उत्तराला द्यायला हवीत. पैसे देऊ नयेत, कारण दिले की मागणी थांबत नाही, वाढते. बोलणं थांबवावं, पण चॅट किंवा अकाउंट डिलीट करू नये, तोच पुरावा आहे. समोरच्याचं प्रोफाइल आणि मेसेज यांचे स्क्रीनशॉट घ्यावेत, मग त्याला रिपोर्ट आणि ब्लॉक करावं, पोलिसांना कळवावं.

फोटो पसरण्याची भीती असेल, तर ‘टेक इट डाउन’ ही मोफत सेवा आहे. बेपत्ता आणि शोषित मुलांसाठी काम करणारी एक अमेरिकी संस्था ती चालवते आणि ती इतर देशांतूनही वापरता येते. १८ वर्षांच्या आत असताना काढलेल्या फोटो-व्हिडिओसाठी ती आहे. फोटो कुठेही पाठवावा लागत नाही. आपल्याच फोनवर त्याचा अंकी ठसा, म्हणजे त्याची ओळख पटवणारा एक संकेतांक, तयार होतो, फक्त तो ठसा पुढे जातो, आणि सहभागी प्लॅटफॉर्म त्यावरून फोटो ओळखून काढतात. सहभागी नसलेल्या ठिकाणी मात्र हा उपाय चालत नाही. फोटो काढला तेव्हा वय १८ च्या पुढे असेल, तर अशाच पद्धतीची ‘स्टॉप एनसीआयआय’ ही सेवा आहे.

प्रश्न : पालकांना उद्देशून केलेली चांगली जाहिरात कोणती?

जर्मनीच्या डॉइशे टेलिकॉमची, २०२३ मधली. आईवडिलांनीच टाकलेल्या फोटोंवरून ९ वर्षांच्या एलाचं मोठेपणीचं रूप एआयनं घडवलं जातं आणि तीच पडद्यावरून त्यांच्याशी बोलते. बोट मुलीकडे न जाता पालकांकडे जातं, म्हणून ती मला आवडते.

प्रश्न : आमच्या संस्थेच्या रीलला भरपूर व्ह्यूज मिळाले. मोहीम यशस्वी झाली असं म्हणावं का?

इतक्यात नको. अमेरिकेत १९९८ ते २००४ या काळात किशोरांसाठी अमली पदार्थांविरुद्ध प्रचंड खर्चाची मोहीम झाली. जाहिराती मुलांपर्यंत पोचल्या, त्यांच्या लक्षातही राहिल्या. पण मूल्यमापनात गांजाच्या वापरावर अपेक्षित परिणाम दिसला नाही, काही बाबतींत तर उलटा परिणाम झाल्याची चिन्हं दिसली.

तुम्ही व्ह्यूजपेक्षा मदतीसाठी आलेले फोन आणि मेसेज मोजा, रीलच्या आधीचे आणि नंतरचे. पुढची रील टाकण्यापूर्वी दहा-बारा मुलांना दाखवा आणि एकच विचारा : ‘हे तुझ्याबाबत घडलं तर आता काय करशील?’ त्यांना सांगता आलं नाही, तर रील पुन्हा लिहा. आणि कमेंट बंद ठेवा. तिथे एखादं मूल आपली हकीकत लिहून बसतं आणि ती वाचून भलताच कोणी ‘मी मदत करतो’ म्हणत त्याला मेसेज करतो.