टाकी फुल केली की गाडी धडधडते

प्रश्न : माझी पेट्रोल गाडी नऊ वर्षांची आहे. टाकी फुल केली की पंपावरच स्टार्ट व्हायला त्रास देते, तीन-चार सेल्फ मारावे लागतात. एरवी सिग्नलला आरपीएम वर-खाली होतो. चेक इंजिनचा दिवा लागला, स्कॅनरवर पी०१७१ कोड आला. प्लग बदलले, थ्रॉटल बॉडी साफ केली, फरक नाही. काय बघावं?
– एक वाचक, सातारा

उत्तर : पी०१७१ म्हणजे इंजिनाला पेट्रोलच्या मानाने हवा जास्त मिळते आहे. कुठून, ते हा कोड सांगत नाही. पण टाकी भरल्यावरच स्टार्टिंगचा त्रास, ही खूण थेट पर्ज व्हॉल्व्हकडे नेते.

टाकीतली पेट्रोलची वाफ कॅनिस्टर नावाच्या डब्यातल्या कोळशात साठते आणि पर्ज व्हॉल्व्ह उघडला की इनटेक मॅनिफोल्डमधून (इंजिनाला हवा पुरवणाऱ्या नळ्यांमधून) इंजिनात जाऊन जळते. हा व्हॉल्व्ह उघडा अडकला, की पेट्रोल भरताना वाफ इंजिनात शिरते आणि स्टार्टिंगला मिश्रण फार गडद होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त होतं. पुढे कॅनिस्टर रिकामा झाला, की त्याच वाटेने नुसती हवा ओढली जाते. तुमची दोन्ही लक्षणं एकाच दोषाची असू शकतात.

आधी स्कॅनरवर फ्युएल ट्रिम बघा, म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर पेट्रोल किती टक्के वाढवतो किंवा घटवतो तो आकडा. आयडलिंगला (रेस न देता इंजिन चालू असताना) +१५ ते +२० टक्के आणि २५०० आरपीएमला शून्याजवळ, असं दिसलं तर थ्रॉटलच्या पुढे, इंजिनाच्या बाजूला कुठेतरी हवा ओढली जाते आहे. आयडलिंगला हवा मुळात कमी लागते, म्हणून लहान गळतीही तिथेच जाणवते.

मग पर्ज व्हॉल्व्हचा दोन वायरींचा कनेक्टर काढा. कॅनिस्टरकडून येणारा पाइप व्हॉल्व्हवरून सोडवा. मॅनिफोल्डकडचा तसाच राहू द्या. इंजिन आयडलिंगला ठेवून उघड्या तोंडावर बोट धरा. करंट नसताना हा व्हॉल्व्ह पूर्ण बंद हवा. बोट ओढलं गेलं आणि तोंड दाबताच आरपीएम स्थिरावला, तर व्हॉल्व्ह बाद. नुसत्या मल्टिमीटरवर विसंबू नका. व्हॉल्व्हची विजेची कॉइल चांगली असूनही आत कण अडकलेला असतो. कनेक्टर काढल्यामुळे आलेला कोड नंतर पुसून टाका.

ओढ नसेल, तर व्हॉल्व्ह ते मॅनिफोल्ड हा तुकडा तपासा. या सगळ्या यंत्रणेत कायम व्हॅक्यूमखाली असतो तो हाच. त्याची टोकं वाकवून बघा, चीर बहुधा क्लिपच्या कडेलाच असते. कॅनिस्टरच्या बाजूचा पाइप फुटला तर पेट्रोलचा वास येईल, पण व्हॉल्व्ह धड असेल तर आयडलिंग बिघडणार नाही. तिथे वेळ घालवू नका. पाइप बदलताना पेट्रोलच्या वाफेला टिकणाराच घ्या, वायपरच्या पाण्याचा चालत नाही.

नवा व्हॉल्व्ह बसवण्याआधी एक काम जरूर करा. कॅनिस्टरकडचा सोडवलेला पाइप पांढऱ्या कापडावर झटका. काळी भुकटी पडली तर कोळसा फुटला आहे; कॅनिस्टरही बदला आणि पाइप साफ करा, नाहीतर नवा व्हॉल्व्हही तसाच अडकेल. कोळसा खराब व्हायचं एक मोठं कारण म्हणजे नोझल ऑटो-कट झाल्यावरही ‘राउंड फिगर’साठी पेट्रोल घालत राहणं. वाफेच्या वाटेने पेट्रोलच कॅनिस्टरमध्ये उतरतं.

एवढ्यानेही सापडलं नाही तर स्मोक टेस्ट करून घ्या, म्हणजे पाइपांत धूर सोडून गळती कुठे आहे ते बघणं. टाकीच्या बाजूला दाब १ पीएसआयच्या आतच ठेवायला सांगा. टायरच्या कॉम्प्रेसरची हवा तिथे कधीही सोडू नये.