बेसबॉलमधला फास्टबॉल खरंच वर उसळतो का?
नाही, उसळत नाही. खाली कमी पडतो, एवढंच. फोर-सीम फास्टबॉल, म्हणजे या वेगवान चेंडूचा नेहमीचा प्रकार, पकडताना तर्जनी आणि मधलं बोट शिवणीवर आडवं टेकवतात. चेंडू सुटताना ही दोन बोटं त्याला मागून खाली ओढतात, म्हणून तो उलटा गरगरत जातो. त्या फिरकीमुळे हवा त्याला थोडं उचलून धरते. बॅटरचा अंदाज चुकतो, बॅट चेंडूखालून निघून जाते.

त्यात वेग! पिचर (चेंडू फेकणारा) ते बॅटर अंतर १८.४४ मीटर, बॅटरच्या हाताशी जेमतेम ०.४ सेकंद. अ‍ॅरोल्डिस चॅपमन या पिचरने २०१० मध्ये ताशी सुमारे १७० किलोमीटरने टाकला, तोही रनअपशिवाय. कमाल आहे!

ठाण्यात असाल तर सेंट्रल मैदानावर टेनिसचा चेंडू असाच फेकून बघा. तो हलका असल्याने फरक लगेच दिसतो.