व्हिक्टोरियन फुलांची चित्रं: सुरुवात कुठून करायची?

व्हिक्टोरिया राणीच्या काळात ब्रिटनमध्ये फुलांना ठरावीक अर्थ जोडले जात. पण शंभर फुलांचे अर्थ पाठ करू नका. पॅन्सी, फॉक्सग्लव्ह, डेलिया आणि गुलाब, एवढी चार पुरेत.

नवशिके सगळ्यात जास्त फसतात ते इथे: प्रत्येक चित्रात प्रतीक शोधतात. १७८७ पासूनच्या 'कर्टिसेस बोटॅनिकल मॅगझिन' या ब्रिटिश वनस्पतीविषयक मासिकातली चित्रं वनस्पतीची जात ओळखण्यासाठी होती. वॉल्टर हूड फिच यांनी १८३४ ते १८७७ मध्ये त्यासाठी चित्रं काढली. त्यात पुंकेसर, बीजकोश नीट दिसावेत हाच हेतू. पानाच्या कडेला सुटे काढलेले फुलाचे भाग दिसले की भावार्थ बाजूला ठेवा. भावार्थ शोधायचा तर शुभेच्छापत्रं आणि 'फुलांची भाषा' सांगणारी पुस्तकं बघा.

त्या पुस्तकांचंही एकमत नसतं, बरं का. उदाहरणार्थ, इंग्लिश चित्रकार केट ग्रीनअवे यांच्या १८८४ च्या पुस्तकात पॅन्सी म्हणजे विचार, फॉक्सग्लव्ह म्हणजे खोटेपणा, डेलिया म्हणजे चंचलपणा. गुलाबाचा तर रंग बदलला की अर्थ बदलतो. पिवळा म्हणजे मत्सर! दुसऱ्या पुस्तकात अर्थ वेगळा असू शकतो, म्हणून टिपणात अर्थासोबत पुस्तक आणि साल लिहाच.

जुनं चित्र हातात आलं तर:

- दहापट भिंगातून रंग बघा. हाताने भरलेला रंग सलग असतो, कुठे रेषेबाहेर गेलेला. रंगीत छपाईत बहुधा ठिपके दिसतात.
- तांब्याच्या पत्र्यावरून छापलेल्या कागदावर चौकटीचा दाब उमटतो. कडा कापल्या असतील तर मात्र तो सापडणार नाही.

कागद आणि छपाईची बारकी पारख सध्या राहू द्या.