हरलेल्या रेसचा अभ्यास करतोय, मग हे व्यसन कसं?

मी समुपदेशक, हा प्रश्न या ना त्या रूपात माझ्याकडे सारखा येतो. कधी खेळणारा स्वतः विचारतो, पण जास्त वेळा बायको नाहीतर मुलगी विचारते, की मॅडम ते पीत नाहीत, पत्त्यांना हात लावत नाहीत, फक्त घोड्यांची रेस, आणि त्याचाही वह्या घेऊन रोज अभ्यास करतात, म्हणतात एकदा चुका कळल्या की गेलेले सगळे परत येतील, तर येतील का हो? म्हणून एक केस सांगते. ओळख पटेल असं सगळं बदललंय आणि त्यांना विचारूनच लिहितेय.

काका पुण्याचेच, पन्नाशी ओलांडलेली, एका कंपनीत क्वालिटीला. म्हणजे नोकरीच चुका शोधायची. रेसकोर्सवर पहिल्यांदा मित्रांबरोबर गेले ते पावसाळ्यात, पुण्याचा सीझन चालू असताना, आणि मग हिवाळ्यात घोडे मुंबईला गेले तसे हेही रविवारी महालक्ष्मीला जायला लागले. पूर्वी सीझन संपला की निदान गॅप पडायची. आता इथे बसून बेंगळुरू, हैदराबाद, म्हैसूर सगळीकडच्या रेसवर पैसे लावता येतात त्यामुळे सुट्टी अशी उरलीच नाही. काकू त्यांना घेऊन आल्या तेव्हा काका वैतागलेले होते, पहिलंच वाक्य, "मॅडम मी जुगारी नाही, सुप्रीम कोर्टानेच सांगितलंय की रेस हा कौशल्याचा खेळ आहे."

आता हे खरंय. 1996 चा निकाल आहे. मी ते नाकारलं नाही, कारण तिथे वाद घातला की माणूस पुढच्या वेळी येतच नाही. आणि कौशल्य आहेच की त्यात, काकांनी मला तासभर समजावलं, घोडा वरच्या क्लासमधून खाली आलाय का, मागच्या वेळेपेक्षा पाठीवरचं वजन किती वाढवलं, 1200 मीटरचा घोडा 1600 ला दम टिकवेल का, ड्रॉ (सुटायची जागा) कुठला, पाऊस झाला तर काय, जॉकी का बदलला. हे सगळं ऐकताना त्यांचा चेहरा खुललेला होता (घरी त्यांचं हे कोणी ऐकतच नसणार).

मग मी वह्या मागितल्या. प्रत्येक हरलेल्या बेटपुढे लाल पेनने कारण. स्टार्टला अडकला. आत बॉक्स झाला, जागाच मिळाली नाही. जॉकीने उशिरा काढला. शॉर्ट हेडने, म्हणजे अगदी थोडक्यात गेला. आणि जिंकलेल्या बेटपुढे? काहीच नाही, नुसती टिकमार्क आणि रक्कम. एकाही जिंकलेल्या घोड्यापुढे असं नव्हतं की पुढचा फेवरेट अडकला म्हणून आपला लागला. जिंकलो ते अभ्यासामुळे आणि हरलो ते नशिबामुळे, अशा वहीतून कोणी काय शिकणार?

हे काकांचंच नाही बरं का. थॉमस गिलोविच नावाच्या मानसशास्त्रज्ञाने 1983 साली मॅचवर पैसे लावणाऱ्यांचा अभ्यास करून हेच दाखवलं होतं. लोक हरलेल्या बेटवर जास्त बोलतात, पण त्यातून शिकण्यासाठी नाही, तर आपण हरलो नव्हतोच, तोंडचा घास गेला, हे स्वतःला पटवण्यासाठी. त्यामुळे आपल्याला वाटतं की लोक हरलेलं विसरतात म्हणून खेळत राहतात तसं नाहीये, त्यांना ते चांगलं लक्षात असतं, फक्त जवळजवळ जिंकलेलं म्हणून लक्षात असतं.

दुसरा एक प्रयोग तर थेट रेसवाल्यांवरच आहे. पॉल स्लोविकने 1973 मध्ये 8 मुरलेले हँडिकॅपर, म्हणजे अभ्यास करून रेसचा अंदाज बांधणारे घेतले, त्यांना घोड्यांची आधी 5 प्रकारची माहिती दिली, मग 10, 20 आणि 40. अंदाज बरोबर यायचं प्रमाण साधारण तेवढंच राहिलं, खात्री मात्र वाढत गेली. हे सांगितल्यावर काका बराच वेळ गप्प, मग म्हणाले, "म्हणजे मी वह्या वाढवल्या तशी बेटची रक्कम वाढली." मी काहीच बोलले नाही, ते त्यांनाच दिसलं होतं.

मग मी त्यांना त्यांच्याच कामातलं विचारलं. काका, पार्ट रिजेक्ट करायचा की नाही याचं माप लॉट यायच्या आधी ठरतं का लॉट बघून? हसले. म्हटलं मग रेसचं पण तसंच करू. रेस सुटायच्या आधी लिहायचं, कुठला घोडा, का, आणि जिंकायची शक्यता किती टक्के. रेस झाल्यावर लाल पेन बंद. ज्यांच्यापुढे 50 टक्के लिहिलंय त्यातले निम्मे लागतायत का एवढंच बघायचं. आणि हे सगळं कागदावर, पैसे न लावता. त्यांनी प्रामाणिकपणे केलं. 50 टक्क्यांवाल्यांपैकी पाचात एखादाच लागत होता.

ज्यांना खरंच हँडिकॅपिंग सुधारायचंय त्यांनाही माझ्या मते यापेक्षा वेगळी पद्धत नाही. फक्त चांगला घोडा ओळखता येणं पुरत नाही, कारण टोटवर (रेसकोर्सच्या बेटिंगच्या खिडकीवर) तुम्ही घोड्यांशी खेळत नसता, बाकीच्या पंटर, म्हणजे पैसे लावणाऱ्या लोकांशी खेळत असता. सगळ्यांचे पैसे एका पूलमध्ये जातात, क्लब त्यातून आपला हिस्सा काढतो, उरलेले जिंकणाऱ्यांत वाटले जातात, आणि जो घोडा तुम्हाला चांगला दिसतो तो बाकीच्यांनाही दिसतोच म्हणून त्याचा भाव पडलेला असतो, म्हणजे जिंकला तरी पैसे कमी मिळतात. समजा तुमचा तीनात एक घोडा लागतो, जे खरं तर छानच झालं, आणि दहाच्या तिकिटावर सरासरी 24 मिळतात, तर 30 घालून 24 आले. अंदाज चांगले आणि तरी खिसा रिकामा. वर टॅक्स. बेटिंगवरचा जीएसटी 28 टक्के होता तो सप्टेंबर 2025 पासून 40 झालाय. शिवाय जिंकलेल्या रकमेवर 30 टक्के इन्कम टॅक्स आणि त्यातून हरलेले पैसे वजा करता येत नाहीत, म्हणजे वर्षभरात एकूण तोट्यात असलात तरी जिंकलेल्यावर भरायचाच. काकांच्या एकाही वहीत टॅक्सचा कॉलम नव्हता. त्यामुळे गेलेले पैसे परत येतील का याचं माझं उत्तर, अभ्यासाने तोटा थोडा हळू होईल, गेलेले येतील या आशेवर मात्र घर चालवू नका.

पण खरी गोष्ट वेगळीच निघाली. कागदावरचं चालू असताना खरे पैसे लावायचे नाहीत असं ठरलं होतं, तर बँकेच्या स्टेटमेंटमध्ये बेट सापडल्या, ज्या कुठल्याच वहीत नव्हत्या. जवळपास सगळ्या दिवसाच्या शेवटच्या रेसच्या, मोठ्या रकमेच्या, ज्या घोड्याबद्दल त्यांना काहीही माहीत नव्हतं अशावर, फक्त भाव मोठा म्हणून. दिवसाचं नुकसान एका फटक्यात भरून काढायला. तिथे क्लास नाही, वजन नाही, अभ्यास नाही. पतपेढीचं एक कर्ज पण तेव्हाच बाहेर आलं, काकूंना माहीत नव्हतं.

डॉक्टर लोक व्यसन ठरवताना किती हरलात हे बघत नाहीत, हे बघतात की ठरवून थांबता येतं का, गेलेलं भरून काढायला परत जाता का, लपवता का. काकांचं तिन्हीला हो होतं, आणि ते त्यांनी स्वतः मोजून बघितलं होतं म्हणून भांडायला जागा राहिली नाही. त्यानंतर अभ्यास सुधारायचा विषय आम्ही बंदच केला. पगाराचं खातं काकूंकडे, बुकीचा नंबर डिलीट, रेसबुक (रेसच्या माहितीचं पुस्तक) घरात नाही, रविवारी दुपारी घराबाहेरचं काहीतरी ठरलेलं. मध्ये एकदा डर्बीच्या, म्हणजे मुंबई सीझनच्या सगळ्यात मोठ्या रेसच्या वेळी घसरले, पण या वेळी त्याच संध्याकाळी फोन केला. डर्बी फेब्रुवारीत असते त्यामुळे आता जानेवारी लागला की आम्ही भेटी वाढवतो.

घरच्यांसाठी दोन गोष्टी, कारण प्रश्न तुम्हीच विचारता. वह्या रागाने फाडू नका, त्या घेऊन या, त्यात सगळं असतं. आणि कर्ज कळल्यावर दागिने मोडून एकरकमी फेडून त्यांच्या हातात कोरी पाटी देऊ नका, हप्ते बांधा, त्यांच्या पगारातून जाऊ देत, आणि सावकार किंवा बुकीला तुम्ही परस्पर कॅश देऊ नका. जवळपास कोणी समुपदेशक नसेल तर सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला 14416 वर फोन करा, फुकट आहे, मराठीत बोलतात, आणि खेळणारा माणूस तयार नसला तरी तुम्ही एकट्याने केलेला चालतो.