वाचक विचारतात : अडकणारं बोट आणि स्टेरॉइडचं इंजेक्शन

प्रश्न : वय ५४, मधुमेहाच्या गोळ्या चालू आहेत. उजव्या हाताची अनामिका सकाळी मिटलेलीच राहते. दुसऱ्या हातानं ताणली की टक् करून उघडते. डॉक्टर स्टेरॉइडचं इंजेक्शन घ्या म्हणतात. साखर वाढेल, हाडं ठिसूळ होतील, अशी भीती वाटते.

उत्तर : इंजेक्शन घ्या, पण आधी साखर आटोक्यात आणा. हाडांची भीती महिनोन्‌महिने स्टेरॉइडच्या गोळ्या घेणाऱ्यांना असते. इथं मात्रा फार थोडी लागते.

दुखतं बोटाच्या मधल्या सांध्यात आणि सुई टोचतात तळहातात, बोटाच्या मुळाशी. चकित होऊ नका, बिघाड तिथंच असतो. बोट मिटवणारं टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी चिवट दोरी, तिथल्या अरुंद कड्यातून सरकतं. कडं जाड झालं, टेंडन सुजलं, की ते अडकतं.

औषध बहुधा ट्रायमसिनोलोन, १० ते २० मिलिग्रॅम. ४० मिलिग्रॅमच्या बाटलीतलं पाव ते अर्धा मिली औषध आणि साधारण तेवढंच लिग्नोकेन हे भुलीचं औषध. ते टेंडनमध्ये नव्हे, त्याच्या भोवतालच्या आवरणात जायला हवं. सुई टोचल्यावर डॉक्टर बोट किंचित हलवायला सांगतात ते यासाठीच. बोटाबरोबर सुई डोलली किंवा दट्ट्याला जोर लागला, तर टोक टेंडनमध्ये रुतलेलं असतं. ते जरा मागं घ्यावं लागतं. जोर लावून औषध आत ढकललं तर टेंडन कमकुवत होऊन तुटू शकतं. असं क्वचितच घडतं, पण घडलं तर नुकसान मोठं.

भुलीमुळे पहिले काही तास बरं वाटतं. मग एक-दोन दिवस ठणका वाढू शकतो. कापडात गुंडाळलेला बर्फ दहा मिनिटं ठेवा. त्यानंतरही ठणका वाढतच गेला, लाली किंवा ताप आला, तर त्याच दिवशी दाखवा. खरा गुण यायला एक ते तीन आठवडे लागतात.

साखर साधारण चार-पाच दिवस वर राहते. आठवडाभर रोज उपाशीपोटी आणि रात्रीच्या जेवणानंतर दोन तासांनी ग्लुकोमीटरवर पाहून आकडा लिहून ठेवा. ३०० च्या वर गेली तर मधुमेहाच्या डॉक्टरांना कळवा. गोळी मनानं वाढवू नका. मधुमेहात या इंजेक्शनचा गुण कमी जणांना येतो, हेही आधीच सांगायला हवं. दोनदा घेऊनही बोट अडकत असेल तर तिसऱ्याचा आग्रह धरू नका; कडं कापून टेंडन मोकळं करण्याची शस्त्रक्रिया छोटी असते.

प्रश्न : बाळ चार महिन्यांचं आहे. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटावर दुखायचं म्हणून इंजेक्शन घेतलं. तिथं आता पांढरा डाग आणि खळगा पडला आहे. दुखणंही पूर्ण गेलं नाही.

उत्तर : तिथली कातडी पातळ असते. औषध तिच्याखालच्या चरबीत झिरपलं की असं होतं. डाग बहुधा काही महिन्यांत, कधी वर्षभरानं भरून येतो. क्वचित थोडा राहतो. दुखणं उरण्याचं एक नेहमीचं कारण म्हणजे तिथल्या दोन टेंडनांच्या मध्ये असलेला पडदा. औषध एकाच कप्प्यात गेलं तर दुसरा तसाच सुजलेला राहतो. पुन्हा इंजेक्शन घ्यायचं झालं तर सोनोग्राफीत बघून द्यायला सांगा, आणि मध्ये निदान सहा आठवडे जाऊ द्या. तोवर अंगठा स्थिर ठेवणारा पट्टा वापरा. बाळाला काखेत अंगठे घालून उचलू नका. एक तळहात पाठीखाली, दुसरा ढुंगणाखाली घालून उचला.