सोशल मीडियावरच्या पोस्टवरून रोगाची साथ ओळखायची आहे? आधी हे कर

एकच आजार निवड आणि सुरुवातीच्या पाचशे पोस्ट स्वतः वाच. कोड नंतर. 'ताप' शोधलंस की 'डोक्याला ताप' म्हणणारेही सापडतात! खरा आजारी, बातमी पुढे पाठवणारा आणि विनोद करणारा, हे तिघे वेगळे काढता आले की निम्मं काम झालं.

नवखे हमखास चुकतात ते इथे:

- नुसत्या पोस्ट मोजतात. एखादा नट आजारी पडला की पोस्ट वाढतात, रुग्ण नव्हे. खऱ्या आजाऱ्यांच्या पोस्टचं एकूण पोस्टमधलं प्रमाण बघ.
- म्हातारी माणसं सोशल मीडियावर कमी लिहितात, हे विसरतात.
- अधिकृत रुग्णसंख्येशी ताडून बघत नाहीत. फ्लूचा अंदाज देणारं गूगल फ्लू ट्रेंड्स (ते पोस्टवर नाही, लोकांनी गूगलवर केलेल्या शोधांवर चालायचं, पण धडा तोच) २०१२-१३च्या हंगामात अमेरिकेतल्या फ्लूचा अंदाज जवळपास दुप्पट देऊन बसलं.

लोकांची नावं साठवू नकोस. मशीन लर्निंगचं (संगणकाला उदाहरणांवरून शिकवायचं) नंतर विचार.